करंजाचं पोतं

करंजाच्या तेलावर मी इंजिन चालवलं होतं, हे तुम्हाला खोटं वाटेल. आखातातलं युद्ध संपलं होतं आणि मी अमेरिकेतून शिकून नुकताच रोह्याला परतलो होतो. मित्राच्या, युनुसच्या वाडीत पाण्याचा डिझेल पंप होता. त्याच्या टाकीत मी करंजेल ओतायला लागलो, तर युनुसचे चाचा म्हणाले, "अरे, हे खरजेला लावायचं तेल! इंजिनाला खाज सुटली काय?"

इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि चालू लागलं. पंपाचं पाणी पडू लागताच मी भाषणच ठोकलं. "चाचा, कुंडलिका नदीच्या काठी करंजच करंज आहेत! देशानं आपलं तेल आपणच पिकवलं, तर आखातापुढे हात कशाला पसरायचे?"

युनुसची सकीना भाभी दारात उभी होती. तिचा नवरा, युनुसचा मोठा भाऊ, आखातातच तेलाच्या कंपनीत. युद्ध संपल्यावर पुन्हा गेलेला. ती म्हणाली, "भाऊ, मग आमच्या माणसाला पन घरी पाठवतील?"

"गो, तो इंजिनाचं बोलतोय," चाचा म्हणाले.

"व्हय, मी पन तेच इचारतंय."



पुढच्या उन्हाळ्यात माझ्या ओटीवर करंजाच्या बियांचं पोतं आलं. भाभीनं नदीकाठी फिरून, एकेक शेंग वेचून भरलेलं. आता दर उन्हाळ्यात येतं. पंप अजून त्याच तेलावर चालतो, आणि तिचा नवरा अजून आखातातच आहे. पोतं टेकवून ती दरवेळी विचारते, "भाऊ, अजून किती पोती लागतील?"