अकरा सह्या

खोटं वाटन तुमाले, पण आमची नाटक कंपनी वीस वर्षांपहिलेच बंद झाली, अन् आमाले ते परवा समजलं!

आमची दिग्रसची कंपनी सहकारी हाय. मालक कोणी नाही, अकराही जण मालक. कोणतं नाटक, कोणाले कोणतं काम, सारं सभेत ठरते. गजाननभाऊ ते रजिस्टरात लिहितात, अन् खाली सगळे सह्या ठोकतात. परवा वर्धापनदिनासाठी कंपनीचा इतिहास लिहाचा म्हणून मी जुनं रजिस्टर उघडलं. पहिल्याच वर्षीचा ठराव, "ही संस्था आजपासून बरखास्त." खाली अकरा सह्या. त्यात माही बी!

त्याच सांजच्या सभेत मी सगळ्यायसमोर इचारलं, "गजाननभाऊ, हे काय हो?"

"त्या वर्षीच्या नाटकात तुमी मले राजाचं काम द्याचं सोडून भालदार केलं. रागात लिहून टाकलं."

"मंग इतके वर्षं सांगतलं काहून नाही?"

"वाट पाहून राह्यलो होतो," ते शांतपणे म्हणे, "एक तरी जण सही कराच्या पहिले वाचते का म्हणून."

मंग त्यायनं त्या सभेचं रजिस्टर सह्यांसाठी पुढं सरकवलं. दहा जणांतून एकानंही पेन उचलला नाही.