अर्ध्यावर अडलेलं गाऱ्हाणं

देवळात गाऱ्हाणं अर्ध्यावर अडलेलं मी जन्मात एकदाच बघितलं, तेही माझ्याच लेकापायी.

अनंत तेव्हा नोकरीला नवा होता. पहिली लांब रजा मिळाली, तर म्हणाला, रेडीहून विजयदुर्गापर्यंत किनाऱ्याने चालत जाणार. सरावाला म्हणून पंधरा दिवस पाठीला तांदळाची पिशवी बांधून माडांत फेऱ्या मारत होता. मी म्हटलं, जा बाबा, पण देवाच्या कानावर घातल्याशिवाय नाही.

निघायच्या दिवशी गुरवकाकांनी देवापुढे नारळ धरला. "बा देवा महाराजा, हो अनंत चलत विजयदुर्गाक जाता..." आणि थांबले. देवाला कारण सांगावं लागतं ना.

"कित्याक जातस रे?"

"अशेच, काका."

"देवाक अशेच सांगू? एसटी बंद आसा?"

"नाय."

"नवस बोललंस?"

"नाय. दर्यो बघत जाऊचो आसा."

"दर्यो तुझ्या मागल्या दारात आसा मा."

बाहेर त्याला पोचवायला आलेले मित्र ताटकळलेले, खाडीवरची होडी सुटायला आलेली. मी तरी त्याची बाजू काय घेणार? पंधरा दिवस मलाही तेच विचारायचं होतं.

शेवटी काकांनी डोळे मिटले. "महाराजा, हो कित्याक जाता, ता आमका कळाक नाय, तेका पण कळाक नाय. तू तेच्या वांगडा चलत जा, नीट बघ, आणि परत इल्यार आमका सांग."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने मी.