उपरण्याखालचा हात

(औंधची यात्रा, पौषातली दुपार, साल पंचाहत्तर. बैलबाजारात लिंबाला एक खिल्लारी खोंड बांधलाय. मालकीण दाव्याला हात लावून उभी. दलाल उगीचच खांद्यावरचं उपरणं झटकतोय.)

नाथाजी : न्हाई रंगुबाई, तसं न्हाई जमायचं. चाळीस वर्सं ह्या बाजारात दलाली करतोय. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवताना बाईचा हात कवा घेतला न्हाई.

रंगुबाई : मग आज घ्या.

नाथाजी : अगं, लोक काय म्हणतील? तुजा दीर आलाय न्हवं संगं? धुळाला बोलीव. त्यो बोटं धरंल, मी तिकडं गिऱ्हाइकाकडं, नानासोंकडं जाईन, चुटकीसरशी सौदा.

रंगुबाई : भाऊजी भजी खायाला गेल्यात. ते यायच्या आत मला इकायचाय.

नाथाजी : घरचा माणूस सोडून?

रंगुबाई : घरच्या माणसानंच गेल्या यात्रंला माजा थोरला खोंड इकला. दलाल तुमीच हुता. मी ही हितं, दोन हातांवर उभी. उपरणं हालताना दिसलं, बोटं काय दिसली न्हाईत. भाऊजी म्हणालं, सहाशे.

नाथाजी : मग दिलं न्हवं तुला सहाशे?

रंगुबाई : दिलं. आन् त्याच दिवशी बयाबाईचा खोंड, माज्यापरास बारका, सातशेला गेला. आमचं मालक मुंबईला गोदीत हैत. त्यांच्या कानावर गेलं. कागद आला, मास्तरांनी पारावर वाचून दावला. 'दुष्काळात पोटाला चिमटा काढून जगवलं, आन् फुकापासरी घालवलंस. तुला अक्कल न्हाई.' वरीस झालं मामा. आता मीठ आणायचं तरी म्हंत्यात, धुळाला इचार.

नाथाजी : मग धुळालाच इचारायचं, बाई.

रंगुबाई : इचारलं. यमाईची आण घेतली त्यांनी. आता तुमाला इचारते. किती हुतं?

नाथाजी : ह्ये बग. दलाल म्हंजे उंबरा. आतलं आत, भाईरचं भाईर. मी एकदा तोंड उघडलं, तर उद्या ह्या बाजारात माज्या हातात हात कोण दील?

रंगुबाई : चोरबी उंबऱ्यावर पाय दिऊनच आत येतो.

नाथाजी : लय लागंल असं बोलतीस गं.

रंगुबाई : भाऊजी सहाशे म्हणालं, तवा तुमी पटका सारखा करत हुता. माज्याकडं बघितलं न्हाई. पटका तर सारखाच हुता, मामा.

नाथाजी : …नानासो घड्याळ बगाय लागल्यात. सांगलीचा बागाईतदार हाय, लय येळ थांबायचा न्हाई.

रंगुबाई : दुष्काळात खडी फोडली ती ह्याच हातानं. बाईचा हात म्हणून मुकादमानं परत धाडला न्हाई. खडीला चालतो, शेणाला चालतो, उपरण्याखाली तेवढा बाटतो व्हय?

नाथाजी : बाटत न्हाई. बस खाली. आण हिकडं हात.

रंगुबाई : लोक बघत्यात.

नाथाजी : बघू दे. आता ध्यान दे. एक बोट धरलं, एक शंभर. दोन धरली, दोन. समदा पंजा आवळला, पाच. सहा कसं सांगशील?

रंगुबाई : पंजा, मग एक बोट.

नाथाजी : शाबास. आन् तोंडावर काय उमटू द्यायचं न्हाई. भुवईसुदीक हालता कामा न्हाई. गप बैलाकडं बघत ऱ्हायाचं. आता मी धरतो, तू वळख.

रंगुबाई : पंजा. एक… दोन… तीन. आठशे. ह्यो नानासोंचा भाव व्हय?

नाथाजी : नानासोंकडं मी अजून गेलोच न्हाई.

रंगुबाई : मग कुणाचा?

नाथाजी : भुवई हालली तुजी.

रंगुबाई : मामा… परत धरा.

नाथाजी : धरतो.

रंगुबाई : पंजा. तीन. आठच.

नाथाजी : मी तोंडातनं अक्षर काढलं न्हाई. यमाईम्होरं उभं केलं तरी ह्येच सांगीन.

रंगुबाई : व्हय. तुमी काय बोलला न्हाई.

नाथाजी : डोळं पूस. गिऱ्हाईक बघतंय. म्हणंल, बैलच खोडीचा हाय.

रंगुबाई : मी येडी न्हवते, मामा.

नाथाजी : न्हवतीस पोरी. आता ह्या खोंडाचं तुजं माज्या हातात सांग. …हां. लाजून मागितलं न्हाईस, बरं केलंस. थांब, जाऊन येतो.

रंगुबाई : हूं, चाट रं खोंडा, चाट हात. उद्यापास्नं उसाचं वाडं मिळंल तुला. आमची माणदेशातली कुसळं इसरशील बग. दोघं भाऊ सारखंच हुता रं तुमी. थोरल्याला मी नीट इकलं न्हाई म्हणून वरीसभर रडले. मी इकलंच न्हवतं त्याला.

नाथाजी : आलो. दे हात. ह्यो त्यांचा. काय म्हंतीस?

रंगुबाई : ह्ये.

नाथाजी : आगागा, बोट मोडशील माजं! बरं, एवढं तर एवढं. तितकी मोकळीक दिलीया त्यांनी मला. नानासो, झाला सौदा! या, दावं घ्या हातात.

धुळा : आरं, आरं! ह्ये काय चाललंय? वैनी, दावं कुणाला दिलं? नाथाजी, मी न्हवतो तर बोटं कुणी धरली?

नाथाजी : मालकिणीनं.

धुळा : बाईनं? बाजार काय चूल हाय व्हय! वैनी, फसवलं असंल तुमाला. दादाला काय सांगायचं आता मी? बोला की, कितीला दिला?

रंगुबाई : सांगते की. मामा, जरा उपरणं द्या.

नाथाजी : ह्ये घे. आन् धुळा, आज मी पटका सारखा करत न्हाई. हितंच बघतोय.

रंगुबाई : आणा भाऊजी, हात आणा हिकडं. आदी गेल्या यात्रंचा सांगते, मग आजचा.