डॉक्टरांची दातखीळ

लस टोचून घ्यायच्या रांगेत शिंपीणबाईंच्या पुढे दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको उभी होती. चर्चच्या आरोग्य शिबिरासाठी दोघं डोंगरापलीकडच्या गावी निघाली होती. बाईंनी कान टवकारले.

“दात कितीही काढेन, पण सगळ्यांसमोर प्रार्थना नाही जमायची.”

“पाळकांनी तुमचंच नाव सांगितलंय.”

“माझी दातखीळ बसते गं!”

“दातांच्या डॉक्टरची?”

“हस तू! पक्कड दिसली की पेशंटच देवाचा धावा करेल.”

“माझ्या ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर मोठमोठ्यानं प्रार्थना करत होतात. नर्सनं सांगितलंय मला.”

“तेव्हा घाबरलो होतो.”

“मग तिथंही घाबरा की थोडे!”

“तिथं कुणासाठी घाबरू?”

“ज्याचा दात पकडीत असेल, त्याच्यासाठी.”