पाय कापायच्या पेटीबाबत

मी, सेवानिवृत्त परिचारिका, सगळे मला सिस्टर म्हणतात, वय ६८ वर्षे, व्यवसाय घरकाम व संग्रह ("संग्रह" हा शब्द माझ्या आग्रहावरून लिहिला आहे), राहणार तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी पतीसह राहते. ते शिंपी आहेत. मी ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर मला राणी व्हिक्टोरियाच्या काळातली शस्त्रक्रियेची हत्यारे जमवण्याचा नाद लागला. आजवर एकवीस सुटे नग जमले. पती त्यांना भंगार म्हणतात. "हे एकदाचं घराबाहेर गेलं की मी सुटलो," असे ते आल्यागेल्याला सांगतात.

आज सकाळी दहा वाजता कुरिअरने पाय कापायची पेटी आली. हिच्यासाठी मी सहा वर्षे जंग जंग पछाडले होते. पूर्ण संच हा पहिलाच. करवत, तीन सुऱ्या, चिमटे, रक्त थांबवायचा स्क्रूचा पट्टा, मुठी शिसवीच्या. पेटी उघडण्याआधी मी दोनदा हात धुतले, हेही लिहून घ्यावे.

थिएटरमध्ये टाके घालण्याआधी हत्यारे मोठ्याने मोजतात. एकाने म्हणायचे, दुसऱ्याने तेच परत म्हणायचे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिरवे फडके अंथरून तसेच मोजले. पती मागून म्हणत होते. यादीपेक्षा एक चिमटा कमी भरला. थिएटरच्या सवयीने मी ओरडले, "आतच राहिला! परत उघडा!" पेटीत दिसेना म्हणून पती फ्रिजखाली बघायला पालथे पडले. समोरच्या खिडकीतल्या गाणे शिकवणाऱ्या बाईंना माझ्या हातातली करवत आणि जमिनीवर नुसते पाय दिसले. त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांचा दोष नाही. मीही केला असता.

दहा पन्नासला हवालदार आले. त्यांनी करवतीला हात घातला तेव्हा "आधी हात धुवा" असे मी म्हणाले. त्यांनी कोपरापर्यंत धुतले. चिमटा त्यांनाच पेटीच्या अस्तरामागे सापडला. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्यांनी पेटी जप्त केली आणि आम्हा दोघांना ठाण्यात आणले.

इथल्या साहेबांनी सांगितले की पतींनी तक्रार नाही असे लिहून दिले तरच पेटी परत मिळेल, नाहीतर ती मुद्देमालाच्या खोलीत जाईल. ती खोली मी पाहिली. भिंतींना ओल आहे, पोलाद महिनाभरात गंजेल. पतींना मात्र पेटी घालवायची आयतीच संधी चालून आली होती.

साहेबांनी माझ्यासमोर त्यांना विचारले. ते म्हणाले, "साहेब, बेचाळीस वर्षांपूर्वी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. कमरेखालीच बधिर केलेलं, मी टक्क जागा. भीतीनं पार गळाठलो होतो. पडद्याआड ही मोजत होती. कात्र्या दोन, चिमटे सहा. तो आवाज ऐकून जिवात जीव आला. तोंड बघायच्या आधीच ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशी. आज इतक्या वर्षांनी ही पुन्हा तशी मोजत होती. कसली तक्रार? पेटी घरी जाऊ द्या."

हे त्यांनी मला आजवर सांगितले नव्हते. मला फार आनंद झाला आहे.

वरीलप्रमाणे जबाब मला वाचून दाखवण्यात आला. पतींचे म्हणणे मी दुसऱ्यांदा वाचून घेतले. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.