आधी वेगच वाढवा

तुम्ही कधी प्रेमापोटी चुकीचा सल्ला दिलाय का गं? ह्यांनी हौसेने जुनी टर्बो स्पोर्ट्स कार घेतली. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, पळायच्या आधी तिला थांबता येऊ द्या. आधी ब्रेक बदलू, वेगासाठी टर्बोचा दाब मग वाढवू."

मी म्हटलं, "अहो, आयुष्यभर मन मारलंत. आधी वेगच वाढवा!"

"बायकोचा हुकूम," हे हसत मेकॅनिकला म्हणाले.

टर्बोचं काम झाल्यावर, ब्रेक न बदलताच, गाडी पूजेला वणीच्या गडावर नेली. घाट उतरताना ब्रेक तापले आणि लागेचनात. ह्यांनी गाडी डोंगराला घासत कशीबशी थांबवली. आम्ही वाचलो.  हे माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी भंगारात दिली.