पक्याची आफ्रिका

आमच्या रहाटणीतल्या पक्याचं ऐका. परदेशी संस्थेबरोबर आफ्रिकेत रुग्णसेवेला जायचं ठरलं, तर गडी निघायच्या आधीच चौकात स्वतःच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावून मोकळा. आणि ऐन वेळी व्हिसाच मिळाला नाही. फ्लेक्स उतरवायची लाज, म्हणून हा महिनाभर सांगवीत बहिणीकडे लपला. मला तिथल्या मंडईत मेथी घेताना सापडला.

म्हटलं, "काय राव, आफ्रिकेत मेथी बरी मिळते."

"भावा, कुठं बोलू नको."

परतल्यावर सत्कार झाला, यानं शाल-नारळ घेतला. वर भाषणात म्हणतो, "तिथल्या गरिबांनी मला स्वतःच्या ताटातलं खाऊ घातलं."

माझ्या शेजारी बसलेली त्याची बहीण पुटपुटली, "गरीब कुणाला म्हणतोय हा? रोज मटण लागत होतं मेल्याला."